नऊ विजेतेपदे आणि पगाराचा प्रश्न

कोकण रेल्वेच्या मार्गावर रत्नागिरी हे साधारणपणे मध्यावरचे स्थानक. उत्तरेला मुंबई, दक्षिणेला गोवा. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात या किनारपट्टीला एकदा असे दिवस आले होते की, आज त्यांची आठवण सांगितली तर नव्या पिढीला ती दंतकथा वाटावी. २००४-०५ च्या हंगामात गोव्याच्या डेंपो क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पुढच्या वर्षी ती मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा डेंपोने. २००७ मध्ये स्पर्धेचे नाव बदलून आय-लीग झाले, पण विजेत्यांचा मुलूख बदलला नाही. डेंपो, चर्चिल ब्रदर्स, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स अशी ती नामावळी २०१२-१३ पर्यंत चालू राहिली. नऊ वर्षे आणि नऊ विजेतेपदे. त्यांतले एकही सह्याद्री ओलांडून पलीकडे गेले नाही. फुटबॉलची पंढरी म्हणवणाऱ्या कोलकात्यालाही या नऊ वर्षांत रिकाम्या हातांनी बसावे लागले.

या चार क्लबांचे पुढे काय झाले? महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच विसर्जित झाला. चर्चिल ब्रदर्सला २०१४ मध्ये परवान्याच्या निकषांवर बाहेर बसावे लागले आणि तो २०१७ मध्ये परतला. साळगावकरने २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. डेंपोची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक. २०१५ मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला, २०१६ मध्ये ती श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क त्याने मिळवला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेला रामराम ठोकला.

एवढे वैभव इतक्या थोड्या काळात कसे ओसरले, याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. खेळाडूंचे पगार वाढले, परदेशी खेळाडू आले, खर्च पेलवेना. ऋण काढून सण केला की दुसरे काय होणार? हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पगार किती होता, यापेक्षा तो कोणाच्या पैशातून येत होता हे आधी पाहिले पाहिजे.

मुंबईत रोव्हर्स कपाच्या सामन्यांना १८९१ मध्ये प्रारंभ झाला आणि हारवुड लीगला १९०२ मध्ये. सुरुवातीला हा गोऱ्या पलटणींचा खेळ होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स कप जिंकला तेव्हा ती मक्तेदारी मोडली. स्वातंत्र्यानंतर मात्र मुंबईच्या फुटबॉलचा खरा आधार झाली ती कचेरी. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के, रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा अशी नावे कूपरेज मैदानाच्या फलकावर झळकत. १९६२ मध्ये सुरू झालेला महिंद्राचा संघ हा त्यांतलाच एक.

या व्यवस्थेत खेळाडूला फुटबॉल खेळण्याचा पगार मिळत नसे, नोकरी मिळत असे. तो कारकून म्हणून मस्टरवर सही करी, सकाळी सराव करी आणि सामन्याच्या दिवशी सुटी घेई. पगार कारकुनाचाच, म्हणजे बेताचा. परंतु बत्तिसाव्या-चौतिसाव्या वर्षी पाय थकले की दुसऱ्या दिवशी तो त्याच खुर्चीवर बसून उरलेली वीस-पंचवीस वर्षे काढू शके, आणि अखेरीस भविष्यनिर्वाह निधी घेऊन घरी जाई. या व्यवस्थेचा उपहास पुष्कळ झाला आहे. कचेरीत झोपा काढणारा खेळाडू आणि मैदानावर कारकुनी करणारा संघ, अशी तिची थट्टा होई. त्या थट्टेत तथ्यही होते, कारण नोकरी पक्की झाल्यावर घाम गाळण्याची निकड कमी होते.

पण रत्नागिरीकराने ही थट्टा जरा जपून करावी. १९८१ पर्यंत सिंधुदुर्गही ज्यात सामावलेला होता तो आपला जुना रत्नागिरी जिल्हा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगला. घरातला एक माणूस गिरणीत किंवा कचेरीत चिकटला की गावाकडे चूल पेटे, धाकट्याची शाळेची फी भरली जाई, कौले परतली जात. त्या हिशेबात रक्कम मोठी असण्यापेक्षा ती दर महिन्याला येण्याला मोल अधिक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी थांबल्या, तेव्हा हे मोल कोकणातल्या घराघरांत कळले. पगार थांबणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. फुटबॉलपटूच्या घरीही ते तसेच असते; फक्त त्याची कमाईची वर्षे गिरणी कामगाराच्या निम्मीही नसतात.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि कचेरीचा संघ हळूहळू 'व्यावसायिक क्लब' होऊ लागला. नोकरीची जागा कराराने घेतली. पगार वाढला, मुदत आखूड झाली. महिंद्राने हे स्थित्यंतर यशस्वीपणे केले. २००३ आणि २००५ चा फेडरेशन कप, २००५-०६ ची लीग, ड्युरँड कप, आयएफए शील्ड असे सर्व काही त्यांनी मिळवले. आणि २००९-१० च्या हंगामाअखेर, ४८ वर्षांच्या वाटचालीनंतर, कंपनीने संघ बंद करण्याचे ठरवले. यापुढे शालेय स्तरावरील फुटबॉलवर लक्ष देऊ, असे तिने जाहीर केले आणि त्या उपक्रमासाठी स्कॉटलंडमधील सेल्टिक क्लबचे सहकार्य घेतले.

येथे सेल्टिकचे नाव यावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. खेळाडूंचे वेतन आणि क्लबचे अस्तित्व यांचा झगडा ज्या क्लबांच्या जन्मकथेतच गुंफलेला आहे, त्यांत सेल्टिकचा क्रमांक फार वरचा. आपल्या वाचकांना ती कथा आणखी एका कारणासाठी जवळची वाटेल.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील दुष्काळाने देशोधडीला लागलेली कॅथलिक कुटुंबे एडिंबरो आणि ग्लासगोच्या गलिच्छ वस्त्यांत येऊन राहिली. एडिंबरोमध्ये सेंट पॅट्रिक धर्मग्रामाचे कॅनन एडवर्ड हॅनन यांनी १८७५ मध्ये तरुणांसाठी हायबर्नियन हा क्लब काढला. त्यात खेळणाऱ्याने दारूपासून दूर राहावे हा दंडक होता. १८८७ मध्ये या क्लबने स्कॉटिश कप जिंकला. विजयाचा सत्कार ग्लासगोमध्ये झाला आणि तेथील मारिस्ट बंधू वॉलफ्रिड यांनी त्यातून प्रेरणा घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. उद्देश अगदी स्पष्ट होता. सामन्यांच्या तिकिटांतून पैसा उभारायचा आणि त्यातून शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांना दुपारचे जेवण द्यायचे.

पुढे जे घडले ते मात्र इतक्या सरळ रेषेत घडले नाही. गर्दी खेचायची तर संघ जिंकला पाहिजे, आणि जिंकायचे तर चांगले खेळाडू हवेत. १८८८ च्या उन्हाळ्यात हायबर्नियनचे अनेक बिनीचे खेळाडू सेल्टिककडे गेले. स्कॉटलंडमध्ये तेव्हा खेळाडूला पैसे देण्यास बंदी होती. ही बंदी १८९३ मध्ये उठली. तोवर देणेघेणे पडद्याआडून चाले, हे सर्वांना ठाऊक होते. कॅनन हॅनन यांच्या क्लबपाशी पडदाही नव्हता आणि पैसाही नव्हता. १८९१ मध्ये हॅनन निवर्तले, मैदान हातचे गेले आणि हायबर्नियनचा खेळ काही काळ बंदच पडला. एका धर्मादाय क्लबाने दुसऱ्या धर्मादाय क्लबाची अशी वाट लावली! बंधू वॉलफ्रिड यांची १८९२ मध्ये संघाच्या आदेशाने लंडनला बदली झाली. त्यानंतर मुलांच्या जेवणाचा वाटा आटत गेला आणि १८९७ मध्ये सेल्टिक ही मर्यादित कंपनी झाली.

सेल्टिकला खलनायक ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. तिकिटांचा पैसा एकच होता आणि त्यावर दोन हक्कदार होते, भुकेले मूल आणि गोल करणारा तरुण. तो तरुणही मजुराचाच मुलगा होता आणि त्याला आपल्या श्रमाचे दाम हवे होते, हे विसरून चालत नाही. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाला १८८५ मध्ये मान्यता मिळाली, आणि १९०१ मध्ये क्लबमालकांनी वेतनाला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा वाढत वाढत वीस पौंडांपर्यंत गेली. मैदाने ओसंडून वाहत होती, फाटकावर जमणारा पैसा मालकांकडे जात होता आणि खेळाडू कारागिराच्या पगारावर खेळत होता. १९६१ मध्ये जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेने संपाची धमकी दिली तेव्हाच ही मर्यादा गेली. लगोलग फुलहॅम क्लबने जॉनी हेन्स याला आठवड्याला शंभर पौंड देऊ केले. १९९५ च्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मुक्त केले आणि वेतनाचा वारू चौखूर उधळला. भविष्यातल्या उत्पन्नावर कर्ज काढून खेळाडू आणणारा लीड्स युनायटेड २००१ मध्ये युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेची उपांत्य फेरी गाठून आला आणि २००४ मध्ये खालच्या श्रेणीत कोसळला. शेवटी युरोपीय महासंघाने २०२२ मध्ये नियम केला की, खेळाडूंचे वेतन, त्यांच्या खरेदीचा खर्च आणि दलालांचे शुल्क मिळून क्लबच्या उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांपुढे जाता कामा नये. २०२३ मध्ये ही मर्यादा नव्वद टक्क्यांवर ठेवून ती टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हेच त्या नियमाचे सार. पण मुंबई-गोव्याच्या क्लबांना हा नियम लावून पाहिला तर काय दिसते? २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चौदा संघ होते; म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या मैदानावर तेरा सामने. कूपरेजवर साधारण पाच हजार प्रेक्षक बसतात असे धरू. समजा, प्रत्येक सामन्याला मैदान खचाखच भरले (असे घडत नसे) आणि प्रत्येकाने शंभर रुपये मोजले (असेही घडत नसे). तर हंगामाचे उत्पन्न झाले पासष्ट लाख रुपये. पंचवीस खेळाडूंत बारा महिन्यांसाठी ते सारेच्या सारे वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला एकवीस हजार सहाशे रुपयांच्या आसपास येतात. प्रशिक्षक, प्रवास, निवास, मैदानाचे भाडे, औषधपाणी यांना एक पैसाही उरत नाही. म्हणजे कल्पनेतल्या भरगच्च मैदानाच्या जोरावरही आपण त्या कारकुनाच्या पगारापाशीच येऊन थांबतो. प्रत्यक्षातील करार याच्या कितीतरी पुढे होते. तेव्हा येथे पाय अंथरुणाबाहेर गेले होते असे म्हणणेही अपुरे पडते. अंथरूणच दुसऱ्याचे होते.

या बाबतीत रत्नागिरीकरांना थिबा राजाची आठवण व्हावी. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. तो १९१६ मध्ये येथेच वारला. राजाचा लवाजमा, राजाचे सण, राजाची दानत हे सर्व चालू राहिले, पण पैसा येई तो सरकारने ठरवलेल्या तनख्यातून. तो पुरेना तेव्हा जवळचे हिरे-माणके विकली गेली. १९१० मध्ये बांधून झालेला त्याचा वाडा आजही टेकडीवर उभा आहे. खर्च आपला आणि उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जीवर, अशा संसाराचा एवढा भव्य नमुना दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

गोव्याच्या क्लबांमागे लोखंडाच्या खनिजाचा पैसा उभा राहिला. साळगावकर, डेंपो, सेसा ही नावे आधी खाणींची आणि मग मैदानाची. या घराण्यांनी फुटबॉलवर मनापासून प्रेम केले, यात शंका घेण्याचे कारण नाही. १९७० च्या दशकात डेंपोने रोव्हर्स कप जिंकला, १९९८-९९ मध्ये साळगावकरने गोव्याला पहिली राष्ट्रीय लीग मिळवून दिली. पण खनिजाचा व्यवसाय स्वतःच डळमळीत झाला. डेंपो समूहाने आपल्या खाणी २००९ मध्ये विकल्या. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबवले गेले, २०१५ मध्ये ते मर्यादित प्रमाणात सुरू झाले आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबले. २०१६ च्या माघारीचे जाहीर कारण मात्र वेगळे होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला अग्रस्थान द्यायचे आणि आय-लीगला दुय्यम ठरवायचे, असा आराखडा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मांडला. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो यांना तो मान्य नव्हता. ज्यांनी अर्धशतकभर पदरचा पैसा घातला त्यांना मागच्या बाकावर बसा म्हणणे हे अन्यायाचेच होते, असे माझे मत आहे. पण आश्रयदात्याचा मानभंग झाला की संघ राष्ट्रीय नकाशावरून नाहीसा होतो, हेही त्याच वेळी सिद्ध झाले. प्रेक्षकाला, खेळाडूला किंवा तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाला कोणी काही विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांच्या पैशावर तो क्लब चालतच नव्हता.

दरम्यान कचेरीच्या फुटबॉलचा शेवटचा धागाही तुटला होता. आशियाई महासंघाच्या परवाना पद्धतीनुसार क्लब ही स्वतंत्र संस्था हवी. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे एखाद्या आस्थापनेचे संघ होते, क्लब नव्हते; २०१३ मध्ये त्यांना आय-लीगबाहेर काढण्यात आले. नियमाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण हंगाम संपला तरी ज्यांच्या खेळाडूंची नोकरी टिकून राहत असे तेच बाहेर गेले, यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

पुण्याकडे पाहावे तर तेथे हा इतिहास दहा-बारा वर्षांतच उरकला. पिरामल घराण्याचा पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये स्पर्धेतून बाहेर पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये थांबला. ज्या बांधकाम समूहाचे नाव त्याला लागले होते तो समूहच त्या सुमारास अडचणीत आला होता. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये त्रेझेगे याच्यासारखा जगज्जेता फ्रेंच खेळाडू घेऊन अवतरला आणि २०१९ मध्ये विसर्जित झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबाद एफसीने २०२१-२२ ची स्पर्धा जिंकली, आणि दोन वर्षांच्या आत थकलेल्या वेतनापायी त्याच्यावर नवे खेळाडू घेण्याची बंदी आली व संघ अर्ध्या हंगामात पांगला. २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. मुंबईचा मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगच्या तळाला गेला आणि पुन्हा उठला नाही. चीनमध्येही असेच झाले. जिआंग्सूचा क्लब २०२० मध्ये देशाचा विजेता ठरला आणि काही महिन्यांतच बंद पडला, कारण त्याच्या मालक कंपनीला पैशांची चणचण भासू लागली होती.

सुपर लीगने वेतनाला कमाल मर्यादा घातली होती. पण मर्यादा खर्चाला घालता येते. उत्पन्न नियमाने निर्माण होत नाही. शिवाय या साऱ्या रचनेचा पाया एक करार होता. महासंघाने २०१० मध्ये रिलायन्सशी संबंधित कंपनीबरोबर पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांचा करार केला होता. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. पुढे काय, याचे उत्तर मिळेना म्हणून जुलै २०२५ मध्ये नवा हंगाम लांबणीवर टाकला गेला, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या सुस्थित मानल्या जाणाऱ्या क्लबनेही पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन स्थगित केले. मनीऑर्डर थांबली होती!

याहून वेगळा मार्ग असू शकतो का? सेल्टिकचीच पुढली हकीकत यासाठी पाहण्यासारखी आहे. मार्च १९९४ मध्ये कर्जात बुडालेला तो क्लब दिवाळखोरीपासून अवघ्या काही तासांवर होता. फर्गस मॅककॅन या उद्योजकाने तो घेतला, पण आश्रयदाता होऊन राहण्यासाठी नव्हे. पुढल्या वर्षी त्याने समभाग विक्रीस काढले आणि ते हजारो सामान्य पाठीराख्यांनी घेतले. मैदान नव्याने बांधले गेले, आणि १९९९ मध्ये ठरल्याप्रमाणे आपला हिस्साही विकून तो निघून गेला. त्याच शहरातील रेंजर्स या प्रतिस्पर्ध्याची कंपनी २०१२ मध्ये मोडीत निघाली तेव्हा सेल्टिक उभा होता. जर्मनीत १९९८ पासून तर नियमच आहे की, क्लबमधील बहुमत सभासदांच्या हाती राहिले पाहिजे.

सभासदांच्या वर्गणीवर संस्था चालवणे आपल्या लोकांना अपरिचित आहे असे मुळीच नाही. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांतील लोकांनी काढलेल्या 'कुडी' हे त्याचे उत्तम उदाहरण. बोटीवर किंवा नोकरीवर जाणाऱ्या गावकऱ्याला अंथरुणापुरती जागा, एक पेटी आणि भिंतीवरचे देवघर, त्याबदल्यात महिन्याची किरकोळ वर्गणी; एवढ्या भांडवलावर त्यांतल्या कित्येक संस्थांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या. कोकणातील ग्रामस्थ मंडळांचे हिशेबही असेच वहीत मांडलेले असतात. या वर्गणीतून परदेशी खेळाडू येणार नाही, हे उघड आहे. गावातला पोरगा मात्र खेळू शकतो.

राष्ट्रीय स्पर्धा सोडल्यानंतर साळगावकर आणि डेंपो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. डेंपोने वरची वाट पुन्हा धरली ती आठ वर्षांनी. द्वितीय श्रेणीतून बढती मिळवून तो २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये उतरला. त्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते समीर नाईक, जे विजेतेपदांच्या त्या दिवसांत याच क्लबचे बचावपटू होते.